टाकी शंभर लिटरची, मग गीझर कितीचा?

नमस्कार,

आम्ही नागपूरला त्रिमूर्तीनगरात राहतो. यजमानांनी गेल्या वर्षी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली आणि वाडीच्या एका बॉडीवाल्याकडे ती कॅम्पर करायला टाकली आहे. मागे बर्थ, मधे ओटा, कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांचं बाथरूम आणि खाली १०० लिटरची पाण्याची टाकी. देवउठनी एकादशीनंतर सासूबाईंना घेऊन गाडीने नर्मदा परिक्रमा करायची, वीसेक दिवसांची, असं ठरलं आहे. आम्ही दोघं, मुलगी आणि सासूबाई असे चौघं. सासूबाई ७२ वर्षांच्या. गुडघे दुखतात, थंडीत दमा उसळतो, पण पहाटे पाचला आंघोळ आणि पूजा झाल्याशिवाय चहासुद्धा घेत नाहीत. घाट उतरणं आता त्यांना होत नाही, म्हणून गाडीतच गरम पाण्याची सोय हवी.

इथेच घोडं अडलं आहे. टेक्सासमधले माझे दीर म्हणतात, तिकडे आरव्हीमध्ये, म्हणजे राहण्याची सोय असलेल्या गाड्यांमध्ये, टाकी नसलेला इन्स्टंट हीटर बसवतात, ४२ हजार बीटीयूचा (हे तिकडचं उष्णतेचं माप) मी पाठवतो, गरम पाणी कधी संपणारच नाही. आमचा प्लंबर म्हणतो, "ताई, कायले एवढा खर्च करता? सहा लिटरचा गॅस गीझर ठोकून देतो बाथरूमात, पाच हजारात काम होते." यजमानांना गॅसच नको. छतावर सोलर आणि खाली लिथियम बॅटरी घेतलीच आहे, तर विजेचा इन्स्टंट लावू म्हणतात. सासूबाई म्हणतात, बादलीभर पाणी शेगडीवर तापवा, कशाला हवीत यंत्रं. मी कोणाचं ऐकू?

— एक सून, नागपूर


ताई,

चौघांमध्ये सगळ्यात कमी चुकतंय ते सासूबाईंचं. गाडीतल्या एवढ्याशा ओट्यावरून उकळत्या पाण्याचं पातेलं उचलून अंधारात बाथरूमपर्यंत नेणं मला पटत नाही, तेव्हा यंत्र लागेलच. पण त्यांची बादली लक्षात ठेवा, पुढे तीच कामाला येणार आहे.

हीटरच्या आधी टाकीकडे बघू. दीर म्हणतात ते कधी न संपणारं गरम पाणी खोटं नाही. फक्त ते आश्वासन ज्या गाड्यांसाठी आहे त्या कॅम्पग्राउंडवर जातात, तिथल्या नळाला पाइप जोडतात आणि घरासारखं पाणी वापरतात. तुम्ही मध्य प्रदेशातल्या दिंडोरीच्या अलीकडे एखाद्या आश्रमाच्या आवारात गाडी लावाल तेव्हा तिथे बहुधा हातपंप असेल. मिनिटाला ६ लिटरच्या हिशोबाने शॉवर सोडला तर १०० लिटरची टाकी सतरा मिनिटांत रिकामी. त्यात चौघांच्या आंघोळी, भांडी आणि स्वयंपाक बसवायचा. म्हणजे तुमच्या गाडीत आधी पाणी संपणार आहे, आग नंतर. म्हणून हीटर मिनिटाला जास्तीत जास्त किती लिटर तापवतो, या आकड्याने तुम्हाला काही फरक पडत नाही. बघायचे आकडे दुसरेच आहेत, आणि ते खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेले नसतात.

टाकी नसलेला हीटर पाणी वाहायला लागलं की पेटतो आणि थांबलं की विझतो. पेटण्यासाठी त्याला एक किमान धार लागते, बऱ्याच यंत्रांत मिनिटाला दोन-अडीच लिटरच्या आसपास. गाडीत माणूस पाणी वाचवायला धार बारीक करतो आणि नेमकी तिथेच ज्योत विझते. साबण लावताना नळ बंद केला, पुन्हा सोडला, की आधी यंत्रात अडकलेलं कढत पाणी येतं, मग ज्योत पेटेपर्यंत न तापताच पुढे गेलेला गार लोट, आणि मग कुठे हवं तसं पाणी. दर वेळी तेवढं पाणी आपण मोरीत सोडतो. घरी कोणाच्या लक्षातही येत नाही. १०० लिटरच्या टाकीत येतं, आणि दम्याच्या माणसाच्या पाठीवर तो गार लोट आला तर चांगलंच येतं. आणखी एक. गाडीतला १२ व्होल्टचा पंप दाब भरला की थांबतो आणि उतरला की सुरू होतो. धार बारीक असली की तो धडधडत चालू-बंद होत राहतो आणि त्याच्या तालावर ज्योतही भपकते. पंपाच्या पुढे एक लहानसा अ‍ॅक्युम्युलेटर, म्हणजे आत रबरी पडदा असलेलं दाबाचं भांडं, बसवलं की हे बरंच निवळतं. इन्स्टंट हीटर कोणताही घ्या, हे भांडं लावाच.

दुसरा आकडा ज्योत किती बारीक होऊ शकते याचा. समजा एखाद्या हीटरची सगळ्यात बारीक ज्योत २० हजार बीटीयूची आहे. मिनिटाला ३ लिटर पाणी सोडलं तर तेवढ्या ज्योतीनेही ते २२ अंशांनी तापतं. डिसेंबरात ठीक. पण नागपूरचा मार्च, गाडी उन्हात उभी, टाकीतलं पाणी ३० अंशांवर. नळातून येईल ५२ अंशांचं, आणि ते अंगावर घेण्यासारखं नाही. आपल्याकडच्या गॅस गीझरला उन्हाळा-हिवाळ्याचं बटण असतं ते यासाठीच, उन्हाळ्यावर फिरवलं की बर्नरचा काही भाग बंद होतो. अर्थात नागपूरच्या मे महिन्यात गीझर कशाला हवा, टाकीतल्या पाण्यात बर्फ टाकायची वेळ येते, ते सोडा.

बादलीने यातलं बरंच सुटतं. नळ पूर्ण उघडायचा, बादली एका दमात भरायची, नळ बंद करायचा आणि स्टुलावर बसून तांब्याने आंघोळ करायची. हीटर एकदाच पेटतो, एकदाच विझतो. मधला गार लोट बादलीत मिसळून जातो, कोणाच्या अंगावर येत नाही. माणशी १६ लिटर धरलं तर चौघांचे ६४ लिटर होतात, आणि टाकीत स्वयंपाकापुरतं उरतं. गुडघे दुखणाऱ्या माणसाला हलत्या-डुलत्या गाडीतल्या शॉवरखाली उभं करण्यापेक्षा हेच बरं. शिवाय यजमानांनी घाटावरून तांब्याभर नर्मदेचं पाणी आणून बादलीत ओतलं की सासूबाईंचं स्नानही झालं. शॉवरमध्ये ती सोय नाही.

आता एकेकाचं म्हणणं बघू. यजमानांपासून सुरुवात करते, कारण त्यांचं गणित चटकन होतं. १६ लिटर पाणी १० अंशांवरून ४० वर न्यायला साधारण ०.५६ युनिट वीज लागते. चौघांचे सव्वादोन युनिट. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांच्या लिथियम बॅटरीत पूर्ण भरलेली असताना सव्वा युनिट असतं. २०० ची घेतली असेल तर अडीच, म्हणजे चार आंघोळींत ती बसली, आणि दिवे, पंखा, पंप, फोन सगळं अजून बाकी. छतावर ४०० वॉटचं पॅनेल असेल तर हिवाळ्यातल्या चांगल्या उन्हात दिवसाला दीड युनिटाच्या आसपास मिळतं, आणि रोज चांगलं ऊन मिळेलच असं नाही. हे झालं साठ्याचं. जोराचं त्याहून वाईट. ३ किलोवॅटचा इन्स्टंट गीझर १२ व्होल्टच्या बॅटरीतून २५० अँपिअरच्या वर ओढतो. त्यासाठी बोटाएवढ्या जाडीच्या केबल आणि दांडगा इन्व्हर्टर लागतो. एवढं करून ३० अंशांची वाढ हवी असेल तर तो मिनिटाला जेमतेम दीड लिटर देतो. बादली भरायला अकरा मिनिटं. आश्रमात प्लग मिळाला तरी तो ६ अँपिअरचा असला तर त्यावर हा गीझर चालत नाही, फ्यूज उडतो आणि मग आश्रमातले लोक तुमच्याकडे बघतात. तेव्हा विजेचा इन्स्टंट गाडीत नको. वीजच नको असं मात्र मी म्हणत नाही, त्याकडे पुढे येते.

प्लंबरच्या सल्ल्यावर जरा थांबायला हवं, कारण तो स्वस्त आहे, ओळखीचा आहे, आणि चौघांच्या सल्ल्यांत एवढा एकच जिवावर बेतू शकतो.

सहा लिटरचा गॅस गीझर पूर्ण ज्योतीवर ताशी जवळजवळ एक किलो गॅस जाळतो. एक किलो एलपीजी नीट जळायला साधारण १२ ते १३ घनमीटर हवा लागते. तुमचं बाथरूम तीन बाय तीन, उंची साडेसहा फूट धरली तर त्यात १.६५ घनमीटर हवा मावते. कागदावरच्या हिशोबाने तेवढी हवा तो गीझर सात-आठ मिनिटांत खातो. प्रत्यक्षात तेवढी वेळही येत नाही. हवेतला प्राणवायू थोडा कमी झाला की ज्योत अर्धवट जळू लागते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. सिलिंडरमधून गॅस गळला तर वास येतो, कारण तो वास मुद्दाम मिसळलेला असतो. जळाल्यावर तो उरत नाही. कार्बन मोनॉक्साइडला वास नाही, रंग नाही, घशाला काही लागत नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा दोनशेपटीहून जास्त घट्ट धरतो. डोकं जड होतं, मळमळतं, पायातलं बळ जातं, आणि माणसाला वाटतं गरम पाण्याने गरगरतंय. कडी काढायला हात उचलेपर्यंत उशीर झालेला असतो. दर हिवाळ्यात बंद बाथरूम आणि गॅस गीझर यांची बातमी पेपरात येते ती अशीच.

प्लंबर म्हणेल, घरोघरी लावले आहेत, कोणाला काय झालं? घरातसुद्धा तो गीझर बाथरूमच्या बाहेर, मोकळ्या हवेच्या बाल्कनीत किंवा गॅलरीतच हवा. पण घराच्या बाथरूमला निदान झरोका असतो, दाराखाली फट असते. तुमच्या गाडीच्या प्रत्येक दाराला रबरी बीडिंग आहे. खिडकी उघडी ठेवू, असं आज सगळे म्हणतील. अमरकंटक समुद्रसपाटीपासून हजार मीटरवर आहे. तिथे डिसेंबरात पहाटे पाचला, दम्याच्या सासूबाई आंघोळीला बसल्या असताना, खिडकी उघडी कोण ठेवणार? त्याच आधी म्हणतील, लाव ती. धुराड्याचा पाइप छतातून बाहेर काढून देतो, असंही प्लंबर सुचवेल. पाइपाने धूर जातो हे खरं, पण हवा गीझर आतलीच घेतो. त्यात कोणी ओट्यावरचा एक्झॉस्ट पंखा लावला तर तो बाहेर चाललेला धूर उलटा आत ओढतो. तेव्हा उघड्या बर्नरचा गीझर गाडीच्या आत कुठेच नको. बाथरूममध्ये नको, ओट्याखाली नको, मागच्या दाराच्या आतल्या बाजूलाही नको.

दिरांचं यंत्र इथे सरस आहे. आरव्हीचा हीटर म्हणजे गाडीच्या आतून पूर्ण बंद असलेला डबा. बॉडीला चौकोनी खिडकी कापून तो बसवतात. बाहेरच्या झाकणातूनच तो हवा घेतो आणि तिथूनच धूर सोडतो, आतल्या हवेशी त्याचा संबंध येत नाही. पंखा आणि ठिणगी १२ व्होल्टवर, म्हणजे तिकडच्या ११० व्होल्टचा प्रश्न नाही. ताकदही पुरेशी. ४२ हजार बीटीयू म्हणजे सुमारे १२.३ किलोवॅट, आणि वाया जाणारी उष्णता वजा केली तर ३० अंशांच्या वाढीला मिनिटाला साडेचार लिटरच्या वर पाणी मिळतं. साडेतीन मिनिटांत बादली. ६० हजार बीटीयूचा घेऊ का, असं दीर विचारतील. नको. त्याने बादली जरा लवकर भरेल इतकंच, पाणी तेवढंच लागणार आहे.

अडचण गॅसची आहे. तिकडचे हीटर शुद्ध प्रोपेनसाठी बांधलेले असतात. आपल्या सिलिंडरमधला एलपीजी प्रोपेन आणि ब्यूटेन यांचं मिश्रण आहे. ब्यूटेन तेवढ्याच घनफळात जास्त उष्णता देतो आणि त्याला हवाही जास्त लागते. प्रोपेनच्या जेटमधून, म्हणजे बर्नरला गॅस सोडणाऱ्या बारीक भोकातून, तो सोडला तर ज्योत पिवळी होते, काजळी धरते, आणि पुन्हा आपण त्या कार्बन मोनॉक्साइडपाशी येतो. इथला कोणी मिस्त्री म्हणेल, जेट जरा बारीक करून देतो. त्याला करू देऊ नका. याच जातीचं यंत्र हवं असेल तर युरोपात विकलं जाणारं बघा. तिथल्या पाटीवर ब्यूटेन-प्रोपेन दोन्हींसाठी, दाब ३० मिलिबार, असं लिहिलेलं सापडतं. आपल्या घरगुती रेग्युलेटरचा दाबही जवळपास तेवढाच, त्यामुळे ते इथे जुळतं. तरी दुरुस्तीचा प्रश्न उरतोच. कंट्रोल बोर्ड गेला तर तो परदेशातून येईपर्यंत गाडीच्या बाजूला एक महागडं झाकण तेवढं राहतं. आणि असा हीटर आत्ता नाही पण दोन वर्षांनी घ्यायचा विचार असेल, तर बॉडीवाल्याने आतून प्लाय मारण्याच्या आधी त्याच्याशी बोला. कुठली बाजू कापायची, तिथे आडवी पट्टी येते का, पाण्याचा पाइप कुठून जाईल, हे आज ठरवणं फुकट आहे. नंतर तेच काम सगळं फर्निचर उचकटून करावं लागतं.

मी तुमच्या जागी असते तर या हिवाळ्यासाठी दोन वेगळ्या सोयी केल्या असत्या, कारण तुमच्या गाडीत आंघोळी दोन प्रकारच्या आहेत. एक पहाटे पाचची, अंधारातली, बंद दाराची. बाकी तीन उजाडल्यानंतरच्या.

पहाटेच्या आंघोळीला ज्योत नकोच. ती विजेवर करा, पण इन्स्टंटवर नाही, १० लिटरच्या साठवणीच्या छोट्या गीझरवर. १० लिटर पाणी ६० अंशांपर्यंत तापवून त्यात गार पाणी मिसळलं की सोळा-सतरा लिटरची एक बादली ४० अंशांची होते. त्याला ०.५८ युनिट लागतं, इन्व्हर्टरमधली तूट धरून पाऊण युनिटाच्या आत. एका माणसापुरतं एवढं बॅटरीला झेपतं, आणि यजमानांचं सोलरही कामी आलं म्हणायला हरकत नाही. घरगुती गीझर बहुधा २ किलोवॅटचे असतात, तुम्ही १ किलोवॅटचा एलिमेंट टाकून मागा. मग आश्रमाच्या ६ अँपिअरच्या प्लगवरही तो चालेल. साधारण पस्तीस मिनिटं लागतील, म्हणजे सव्वाचारला उठून बटण दाबायचं किंवा टायमर लावायचा. लाइनवर ३० मिलिअँपिअरचा ईएलसीबी, म्हणजे वीज गळली की लगेच बंद करणारा स्विच, हवाच, आणि गीझरची बॉडी व इन्व्हर्टरचं अर्थिंग गाडीच्या चेसिसला जोडलेलं हवं. पाण्याच्या बादलीत टाकायचा रॉड कोणी सुचवला तर ऐकू नका. तेवढंच तापतं आणि स्वस्तही पडतं, पण ओल्या फरशीवर, लोखंडी गाडीत, पहाटेच्या झोपेत ते यंत्र मला नको.

बाकीच्या तिघांसाठी प्लंबरचाच गॅस गीझर घ्या, आयएसआय मार्कचा, पण तो गाडीच्या बाहेर ठेवा. वेल्डरकडून घडीचं लोखंडी स्टँड करून घ्यायचं. गाडीपासून चार-पाच फुटांवर, वारा ज्या दिशेला वाहतो त्या बाजूला ते उभं करायचं, आणि गाडीच्या त्या बाजूच्या खिडक्या बंद ठेवायच्या. पाण्याचे दोन पाइप झटपट लागणाऱ्या कपलिंगने जोडायचे, एकातून गार पाणी बाहेर, दुसऱ्यातून गरम पाणी आत. ठिणगीला त्याला दोन जाड सेल पुरतात. पाऊस असेल किंवा वारा जोराचा असेल तर त्या दिवशी तिघांनी आंघोळ संध्याकाळवर ढकलावी, कोणाची पूजा अडत नाही. काम झालं की स्टँडची घडी, गीझर थंड झाल्यावर डिकीत. आजूबाजूचे परिक्रमावासी हे बघायला जमतील याची तयारी ठेवा, आणि एक-दोन बादल्या जास्त भरायचीही.

तिसरी वाट इंजिनाच्या उष्णतेची. डिझेल इंजिनाचं कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवायला त्यातून फिरणारं पाणी, चालत्या गाडीत ८०-९० अंशांवर असतं. ते नळीने एका झाकलेल्या टाकीतल्या कॉइलमधून फिरवलं की दिवसभराच्या प्रवासानंतर संध्याकाळी फुकटचं गरम पाणी मिळतं. मला ही कल्पना सगळ्यात जास्त आवडते. पण पहाटे पाचपर्यंत ती उष्णता बरीच उतरलेली असते, आणि तुमच्याकडे मुक्काम पाहून प्रवास होणार, काही दिवस गाडी हलणारही नाही. कूलंटच्या लाइनला हात लावणारा जाणता मिस्त्री मिळाला तर पुढच्या वर्षी विचार करा.

सिलिंडर. घरचं १४.२ किलोचं लाल सिलिंडर गाडीत ठेवायचं नाही, ते घरच्या स्वयंपाकासाठीच दिलेलं असतं. ५ किलोचं छोटं, जोडणी नसताना बाजारभावाने मिळतं ते, पेट्रोल पंपावर किंवा गॅस एजन्सीत मिळतं, रेग्युलेटर त्याच्यासोबतच घ्या. एका बादलीला साधारण ५५ ग्रॅम गॅस जळतो. तिघांच्या वीस दिवसांच्या आंघोळींना साडेतीन किलोही लागणार नाही, म्हणजे दुसरं सिलिंडर फक्त शेगडीसाठी. ते उभंच ठेवायचं, पट्ट्याने बांधून, आणि आतून बंद पण तळाशी बाहेर भोक असलेल्या कप्प्यात, कारण एलपीजी हवेपेक्षा जड असतो आणि गळला तर खाली साचतो. नळी आयएसआयची सुरक्षा नळी, दीड मीटरपेक्षा लांब नको. एक गोष्ट अमरकंटकात दिसेल. कडाक्याच्या थंडीत ज्योत मंदावेल आणि छोट्या सिलिंडरवर दहिवर धरेल. ब्यूटेन शून्य अंशाच्या जवळ वायू व्हायला कुरकुरतो, म्हणून असं होतं. सिलिंडर अर्ध्याच्या वर भरलेलं असेल तर त्रास कमी. त्याच्यावर गरम पाणी ओतणं, खाली शेगडी धरणं असले प्रकार कोणी करू नयेत. उजाडून ऊन पडेपर्यंत थांबलं की काम होतं.

पाणी भरताना जाळीचा फिल्टर लावा. ढाब्यावरचं, पंपावरचं पाणी बहुतेक बोअरचं आणि जड, त्याने गीझरच्या तांब्याच्या कॉइलमध्ये आतून पांढरा थर धरतो. परत आल्यावर लिंबूसत्त्वाचं पाणी कॉइलमधून फिरवून धुऊन टाका. नदीचं पाणी थेट टाकीत नको, बारीक रेतीने पंपाचा पडदा जातो. आणि आंघोळीचं साबणाचं पाणीही रोज ६०-६५ लिटर निघणार आहे. त्याला गाडीखाली वेगळी टाकी आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. नसेल तर करून घ्या. परिक्रमेला निघायचं आणि फेस मात्र नर्मदेत सोडायचा, हे सासूबाईंनाच आधी चालणार नाही.

आरटीओचं यजमानांनी पाहिलं असेलच. प्रवासी गाडीची कॅम्पर करणं हा मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मधला बदल आहे, परवानगी आणि आरसी बुकावर नोंद लागते. नोंद नसताना गाडीत गॅस आहे म्हटल्यावर विम्याचा दावा अडकतो. बॉडीवाला म्हणेल, कोणी विचारत नाही. मध्य प्रदेश आणि गुजरात अशी दोन परराज्यं तुमच्या रस्त्यावर आहेत, तेव्हा कागद सोबत असू द्या.

निघण्याआधी एक रात्र रामटेकला किंवा खिंडसीला गाडीत काढा, सासूबाईंसकट, आणि पहाटे पाचची आंघोळ तिथे खरोखर करा. टाकीत किती पाणी उरलं, बॅटरी किती टक्क्यांवर आली, स्टुलावरून उठायला दांडी कुठे हवी, हे सगळं तिथे कळेल. काही बदलायचं निघालं तर बॉडीवाल्याची वाडी तिथून तासा-दीड तासावर आहे.

दिरांनी आपणहून पैसे खर्च करायचं मनावर घेतलं आहे, त्यांना नुसतं नको म्हणू नका. त्यांना सांगा, हीटरऐवजी आरव्हीसाठीचे दोन कार्बन मोनॉक्साइड अलार्म पाठवा, बॅटरीवर चालणारे. गीझर बाहेर असला तरी शेगडी आतच आहे, आणि शेजारी लावलेल्या गाडीचा धूरही आत येऊ शकतो. एक बाथरूमच्या दाराबाहेर, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, आणि दुसरा सासूबाईंच्या बर्थच्या उशाशी. एलपीजीचा सेन्सर वेगळा लागतो, तो जमिनीलगत बसवायचा, आणि तो नागपुरातच मिळेल.